माळ्याचे उष्णतारोधन (कोल्हापूर)

छप्पर आणि राहत्या खोलीचे छत यांच्यामधल्या पोकळीत उष्णता अडवणारा थर घालून खालची खोली उन्हाळ्यात सुसह्य करण्याची पद्धत. फ्लॅटमध्ये सामान टाकायला दारावर आरसीसीचा जो फळा काढतात त्यालाही माळाच म्हणतात, पण त्याचा इथे संबंध नाही. इथे अभिप्रेत आहे तो पेठेतल्या जुन्या घराचा माळा. खाली तुळया, त्यांवर फळ्यांची तक्तपोशी, वर दुपाखी छप्पर आणि आढ्याखाली माणूस जेमतेम वाकून उभा राहील एवढी जागा. पितळी हंडे, रिकाम्या बरण्या, मागच्या वर्षीचे मखर आणि कुणाच्यानेच टाकून न दिलेला पाळणा हे तिथले कायमचे रहिवासी.

थंड देशांत हे काम घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून करतात. ब्रिटनमध्ये माळ्याच्या जमिनीवर खनिज लोकरीचा २७० मिमी जाडीचा थर सुचवला जातो. कोल्हापुरात गरज नेमकी उलटी आहे आणि इतक्या जाडीचीही नाही. हे शहर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा तसाच येतो, पण तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा भागांत घरे दाटीने, एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असल्या की त्यांना ऊन लागतच नाही. घर तापते ते छपरातून.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकाचा नव्हता, कारण छप्पर कौलारू होते. आधी कुंभाराची नळीची कौले होती. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यानंतर चपटी मंगळुरी कौले सगळीकडे पसरली. कौलाची माती हळू तापते, आणि महत्त्वाचे म्हणजे कौलांच्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा आपोआप निघून जाते. पण कौलांना दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी (कौले काढून पुन्हा नीट रचणे) लागते. शाकारणारे गडी मिळेनात, माकडांनी कौले फोडायचे काही सोडले नाही, म्हणून घरोघरी पत्रा आला. पत्र्याने गळती थांबवली आणि माळ्याचा श्वासही बंद केला. आज कोल्हापुरात माळ्याचे उष्णतारोधन म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याने हिरावलेले परत मिळवण्याची खटपट असते.

तापलेल्या पत्र्याखालची गरम हवा हलकी असल्यामुळे वरच राहते, खाली उतरत नाही. खोलीत जी उष्णता येते ती मुख्यतः पत्र्याच्या प्रारणाने, चुलीसमोर बसल्यावर तोंड भाजते तशी. कोरा जस्ती पत्रा चकाकतो म्हणून तो थंड राहत असेल असे वाटते, पण तसे नाही. तो ऊन बरेच परतवतो, मात्र शोषलेली उष्णता आकाशाकडे सहज सोडत नाही. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय माळ्यावर नसून छपरावर आहे, तो म्हणजे पांढरा रंग. सिमेंटच्या पत्र्यावर चुन्यात थोडे फेव्हिकॉल घालून दोन हात दिले तरी फरक कळतो. पहिल्याच पावसात चुना धुऊन जातो, पण त्याने बिघडत नाही. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास पुन्हा लावायचा. जस्ती पत्र्यावर चुना धरत नाही, तिथे प्रायमर मारून पांढरा ॲक्रिलिक रंग लावावा लागतो.

रोधक थरात खर्च कुठे थांबवायचा हे थोड्या हिशेबाने कळते. उघड्या पत्र्याखाली २५ मिमी थर्माकोल बसवला की आत येणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्शावर येते. म्हणजे आधी शंभर येत असेल तर आता वीस. जाडी दुप्पट, ५० मिमी केली तर ती अकराच्या आसपास येते. पहिल्या इंचाने ऐंशी वाचतात, दुसऱ्याने फक्त नऊ. बजेट तोकडे असेल तर एका खोलीवर दोन इंच घालण्यापेक्षा दोन खोल्यांवर एकेक इंच घालणे शहाणपणाचे. थर्माकोल मात्र आगीला वाईट. तो वितळतो, पेटतो आणि काळा धूर करतो, म्हणून देवघर किंवा स्वयंपाकघराच्या वर तो उघडा ठेवू नये. काचलोकर पेटत नाही, पण ती अंगाला खाजते. तोंडाला फडके, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट यांशिवाय तिला हात लावू नये. बबल शीट नावाने मिळणारी चंदेरी शीट काम करते ती चकाकीने, आणि चकाकीला समोर हवेची पोकळी लागते. पत्र्याला घट्ट चिकटवली की वरची चकाकी वाया जाते. वर तोंड करून पसरली तर वर्षभरात धुळीने आंधळी होते. वाशांच्या खालून, चंदेरी बाजू खाली करून ताणणे उत्तम.

फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळणारा स्थानिक माल दोन प्रकारचा. पहिला उसाचे पाचट. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपता आटोपता उन्हाळा लागतो, त्यामुळे ते नेमके हवे तेव्हा शिवारात पडलेले असते. खेड्यात गोठ्याच्या पत्र्यावर ते पसरतात आणि जनावरांना आराम मिळतो. पेठेच्या दाट वस्तीत मात्र वाळके पाचट डोक्यावर साठवणे म्हणजे ठिणगीला आमंत्रण. दुसरा, आणि अधिक भरवशाचा, भाताचा तूस. आजरा, चंदगड, राधानगरीकडच्या भातगिरण्यांवर त्याचे ढीग असतात. सिलिकेचे प्रमाण जास्त असल्याने तो पाचटासारखा भडकत नाही, धुमसतो. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर, म्हणजे दीड ब्रासवर (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), दोन इंचांचा थर घालायला सत्तर-ऐंशी किलो तूस पुरतो. एवढे वजन धड असलेली तक्तपोशी सहज पेलते. तो मोकळा न ओतता पातळ पोत्यांत भरून पोती गादीसारखी चपटी करून मांडतात. सोबत कडुनिंबाचा पाला टाकायची चाल आहे, पण उंदरांनी त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

याशिवाय कोल्हापूरचे म्हणून एक खास साहित्य आहे, जुने डिजिटल, म्हणजे फ्लेक्सच्या कापडावर छापलेले फलक. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक उतरले की ते पत्र्याखाली ताणले जातात आणि शुभेच्छुकांचे चेहरे पुढची काही वर्षे वाशांकडे पाहत राहतात. त्या कापडाने स्वतः काही अडत नाही. त्याच्या आणि पत्र्याच्या मधल्या हवेने थोडे अडते, इतकेच.

पावसाळा हा या कामाचा खरा परीक्षक. जून ते सप्टेंबर दमट हवा थंड पत्र्याला लागून घाम धरते आणि थेंब खालच्या थरावर पडतात. ओला तूस कुजतो, ओली काचलोकर कामातून जाते. म्हणून थर आणि पत्रा यांच्यात बोटभर तरी जागा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळी लावलेला झरोका हवा. तो झरोका उन्हाळ्यात गरम हवाही बाहेर काढतो, त्यामुळे पैसे संपले तरी हे एक काम करून घ्यावे. काम एप्रिलच्या वळवाआधी उरकावे. वळवाचा वारा सैल पत्रे उचलतो आणि त्यांवर ठेवलेले दगडही त्याला पुरे पडत नाहीत.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, तेव्हा त्याला भोके पाडू नयेत, थर धरून ठेवणारी चौकट वाशांनाच ठोकावी. माळ्यावरून गेलेली कापडी आवरणाची जुनी वायर थराखाली गाडली की तिची उष्णता कोंडते. वायरमनला आधी बोलवावे, तूस मागून आणावा.