मार्फान आणि नात्यातील लग्न : एक खुलासा

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे घरात जन्मजात आजाराचे मूल दिसले की बोट थेट आई-वडिलांच्या नात्याकडे जाते. उलट, नात्यात लग्न नसेल तर ‘आमच्यात आनुवंशिक काही असूच शकत नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. मार्फान सिंड्रोम या संयोजी ऊतींच्या (शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींच्या) आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

शरीरातील संयोजी ऊतींना आधार देणारे फायब्रिलिन हे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, त्याची एकच सदोष प्रत आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आली, तरी हा आजार होतो. त्यामुळे बाधित आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के असतो, आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तर दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. अशा घरात कोणाचा दोष शोधायचा? (दोन्ही प्रती सदोष असाव्या लागणाऱ्या काही दुर्मीळ संयोजी विकारांत मात्र नात्यातील लग्नाने धोका खरोखर वाढतो.)

लांब हातपाय, लवचीक सांधे, लहान वयातला मोठ्या नंबरचा चष्मा, वाकलेला कणा ही लक्षणे एकत्र दिसली, तर मुलाला कबड्डीच्या वा कुस्तीच्या मैदानात उतरवण्याआधी हृदयाची इको (ध्वनिलहरींची) तपासणी करावी, कारण खरा धोका महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा असतो : ती हळूहळू रुंदावते आणि वेळेत लक्षात न आल्यास फाटते. नियमित इको, बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन ही औषधे आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया यांनी आयुष्य पुष्कळ वाढते. मार्फान असलेल्या स्त्रीसाठी गर्भधारणेपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अत्यावश्यक आहे.