चौकात वर, मंगल कार्यालयात खाली

मे महिन्यात दुपारी बाराला जळगाव किंवा भुसावळच्या रस्त्यावर उघडं तोंड शोधून सापडत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. पुरुषांच्या डोक्या-कानांवरून बागायती रुमाल, तर मुलींचे डोळे सोडून बाकी चेहरा स्कार्फमध्ये. त्यासाठी कुठला आदेश निघत नाही की पावती फाटत नाही. ऊन लागलं की काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दुकानात शिरलं की रुमाल सुटतो, कारण ऊन बाहेर राहिलं.

करोनात मास्कचा हिशेब बरोबर उलटा होता.

बोलताना, खोकताना तोंडातून लहानमोठे थेंब उडतात. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास घेतो आणि १ मायक्रॉनचा तब्बल बारा तास. मोकळ्यावर वारा या बारीक कणांना पांगवून टाकतो. खिडक्या लावून एसी चालवलेल्या खोलीत मात्र ते साचत जातात. म्हणजे तोंड झाकायची खरी गरज दुकानात शिरल्यावर होती, आणि आपला हात सवयीने रुमालाची गाठ सोडायला जात होता.

रुमालाचीही मर्यादा होती. विणलेल्या कापडाची भोकं या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. एन-९५ मास्कमधला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा थर विणलेला नसतो. त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि कण त्यांना चिकटतात. साबणाने धुतला की हा भार उतरतो आणि मास्कची गाळण्याची ताकद घटते. हे फार कमी लोकांना कुणी सांगितलं होतं. करोनाच्या काळात गल्लोगल्ली दोरीवर, चिमटे लावून, धुतलेले एन-९५ वाळत होते. ज्यांनी ते धुतले त्यांना मास्क वापरायचाच होता.

आता नियम कुठे राबवला गेला ते बघा. मार्च २०२१ मध्ये राज्याने विनामास्क फिरण्याचा दंड ५०० रुपये ठरवला. पथकं उभी राहिली चौकात, कारण माणूस तिथे हाती लागतो. मोटारसायकलवर एकटा, भर वाऱ्यात जाणारा माणूस संसर्गाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी, पण पावती त्याचीच फाटली. समोरून येणारा लाइट मारून सांगायचा, "पुढे पोलीस उभा शेतस भो!" की हनुवटीवरचा मास्क नाकावर; चौक ओलांडला की परत खाली. संध्याकाळी लग्नात तोच माणूस मंगल कार्यालयाच्या बंद दारांआड, डीजेवर आवाज चढवून गप्पा मारत भरीत-पुरीच्या पंगतीला. मोठ्याने बोललं की कणही जास्त सुटतात. तिथे पथक आलंच तर डोकी मोजायला.

"लोकांना शिस्तच नाही," हे तेव्हा रोज कानावर पडायचं. मला ते अर्धंच खरं वाटतं. लोक आंधळे नव्हते. नियम कुणाला पकडतो आणि कुणाला सोडतो हे त्यांना दिसत होतं, आणि मास्क पोलिसांपासून वाचण्यासाठी आहे असा त्याचा सरळ अर्थ त्यांनी काढला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७७ देशांचा एक अभ्यास आला. साथीच्या पूर्वतयारीसाठी देशांना मिळालेले गुण आणि प्रत्यक्ष संसर्ग यांचा फारसा मेळ बसत नव्हता. मेळ बसला तो सरकारवरच्या विश्वासाशी, आणि त्याहून घट्ट माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासाशी. सगळे देश विश्वासाच्या बाबतीत निदान डेन्मार्कच्या पातळीला असते, तर सरकारवरच्या विश्वासामुळे जगातला संसर्ग १२.९ टक्क्यांनी आणि परस्परविश्वासामुळे ४०.३ टक्क्यांनी कमी झाला असता, असा त्यांचा अंदाज आहे. हा संबंध कार्यकारणाचा मानला तरच, ही अट अभ्यासकांनीच घातली आहे. दुसरा आकडा इतका मोठा का, याचं मला सुचणारं उत्तर साधं आहे. मास्क मी लावायचा आणि बराचसा फायदा समोरच्याचा. तो लावेल याची खात्री नसेल, तर पंचेचाळीस अंशांत मी एकट्यानेच का घुसमटायचं?

वरच्या मंडळींनीही विश्वासाला धक्के दिले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सर्वोच्च सरकारी डॉक्टरांनी, लोकांना मास्क विकत घेऊ नका असं बजावलं. सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही, पण डॉक्टर-नर्सना मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. उपयोग नाही तर डॉक्टरांना कशाला, हा प्रश्न पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही पडेल. एप्रिलच्या सुरुवातीला भारत सरकारने घरगुती कापडी मास्कचा सल्ला दिला, ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला सल्ला बदलला. नवा पुरावा आला की मत बदलणारच. चुकलं ते तुटवडा असताना खात्रीचा आव आणणं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्येच दाखवलं होतं की 'इतके ते इतके' अशी आकड्यांत अनिश्चितता सांगितली तर लोकांचा विश्वास जेमतेमच घटतो. मोघम शब्दांत सांगितली तर जास्त घटतो.

महाराष्ट्राने हे आधीही भोगलं आहे. करोनात वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. त्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात गोरे शिपाई घरांत घुसले, माणसं छावण्यांत हलवली गेली, आणि लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ मध्ये. तोवर सगळा जोर माणसांवर चालला होता आणि पिसवा मोकळ्या होत्या.

मग काय चालतं? मला सगळ्यात कामाचा वाटतो तो बांगलादेशातला प्रयोग. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१, ६०० गावं, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढ. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क दिले, कारण समजावलं, इमामांसारख्या मानाच्या माणसांनी स्वतः मास्क लावून दाखवला, आणि बाजारात, मशिदीपाशी स्वयंसेवक विनामास्क माणसाला थांबवून नम्रपणे मास्क देत राहिले. मास्क नीट लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाइलवर संदेश पाठवून वा गावाला बक्षीस लावून त्यात भर पडली नाही. मास्क आला की लोक बेफिकीर होतील ही भीतीही फोल ठरली. अंतर ठेवणारे उलट २४ वरून २९ टक्के झाले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणं दिसून रक्ततपासणीत खात्री झालेला आजार ११ टक्क्यांनी कमी आढळला, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कबद्दल इतका ठाम निष्कर्ष निघाला नाही.

खानदेशात नम्रपणे थांबवणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, नर्मदाकाठच्या काही गावांत तर होडीनेच जावं लागतं. तिथे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याचं मराठी नीट पोचत नाही. "आमले काही व्हनार नही" म्हणणाऱ्या धुळे-जळगावकडच्या आजोबांनाही पत्रकाने फरक पडत नाही. गावचीच आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, जिने सुनेला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, नातवाच्या लसीची तारीख लक्षात ठेवली, ती ओट्यावर टेकून "बाबा, नाक झाका" म्हणाली तर निदान ऐकून घेतलं जातं. हा विश्वास करोनाच्या आधीच, वर्षानुवर्षं जमा झालेला असतो. २०२०-२१ मध्ये ताप मोजत, ऑक्सिजन मोजत घरोघर फिरल्या त्या याच बाया. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या. आठवडाभराने संप मिटला, तेव्हा त्यांच्या पदरात महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पडला.