चळवळीतील स्त्रियांचे इतिहासलेखन (नाशिक जिल्हा)

आंदोलनात उतरलेल्या, पण ज्यांची नावे कागदावर आली नाहीत अशा दलित, आदिवासी आणि शेतकरी स्त्रियांचा इतिहास शोधून लिहिण्याचे काम. मुलाखती, जुन्या नियतकालिकांचे अंक, सरकारी दप्तर, आत्मकथने आणि ओव्या ही त्याची साधने. नाशिक जिल्ह्यात या कामाला विषय कमी पडत नाही. काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०), भूमिहीनांचे सत्याग्रह (१९५९ व १९६४), चांदवडचे शेतकरी महिला अधिवेशन (१९८६) आणि किसान लाँग मार्च (२०१८) या साऱ्यांत बायका होत्या. त्यांची नोंद मात्र बहुतेक वेळा ‘मोठ्या संख्येने’ या दोन शब्दांवर आटोपलेली आहे.

काळाराम सत्याग्रहाचेच पाहा. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये परिषद आणि प्रचंड मिरवणूक झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी पंचवटीतील मंदिराच्या चार दरवाजांवर बसली : १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. हा आकडा सत्याग्रहावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, पां. ना. राजभोज, अमृतराव रणखांबे ही नावे त्याच्या आगेमागे येतात. त्या पंचवीस जणी कोण, हे क्वचितच लिहिलेले सापडते. मार्च-एप्रिलच्या उन्हात काळ्या पाषाणाच्या त्या भिंतींशी दिवस काढणे सोपे नव्हते. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. पुढे सत्याग्रह टप्प्याटप्प्याने काही वर्षे चालला. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एवढ्या काळात गावोगावहून आलेल्या माणसांच्या भाकऱ्या कुणी थापल्या, सत्याग्रहाला गेलेल्या बाईचे तान्हे मूल कुणी सांभाळले, बुडालेल्या मजुरीचा खड्डा घरात कसा भरला गेला? इतिहासाच्या नेहमीच्या पुस्तकात या प्रश्नांना जागाच नसते. आंदोलन दरवाजावर जितके घडते तितकेच चुलीपाशी घडते, हे धरून चालल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही.

हे काम मराठीत पक्के उभे केले ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. १९८९ साली त्यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांविषयीचे पुस्तक आले. दोघीही पेशाने इतिहासकार नव्हत्या. त्यांनी चळवळीच्या जुन्या पत्रांचे अंक चाळले, सभा-परिषदांच्या वृत्तांतांत कुठे एखाद्या बाईचे नाव दिसते का ते टिपले आणि मग हयात असलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांची घरे शोधत हिंडल्या. पुस्तकात चळवळीचा आढावा आहेच, त्याच्या जोडीला या स्त्रियांच्या आयुष्याच्या हकिकतीही आहेत. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातला ‘ही’ नीट ऐकण्यासारखा आहे. ‘आम्ही’ म्हटले असते तर तो नुसता दावा झाला असता. ‘आम्हीही’ म्हटल्याने ज्यांनी वगळले त्यांनाच उद्देशून ते बोलले जाते.

या पद्धतीच्या मुलाखतीत पहिले उत्तर बहुधा नकाराचे येते : मी कुठे काय केले, सगळ्यांबरोबर गेले एवढेच. म्हणून ‘तुमचे चळवळीतील योगदान काय’ असा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. त्या दिवशी घरातून किती वाजता निघालात, बरोबर कोण होते, अंगावर कोणते लुगडे होते, धाकटे कडेवर होते की घरी, असे विचारावे लागते. लुगड्याचा रंग आठवला की त्यामागून माणसे आठवतात. सालही थेट मिळत नाही. थोरला पोटात होता तेव्हा, बाबासाहेब गेले त्याच्या आधी, बाहत्तरच्या दुष्काळानंतर, अशा खुणांवरून ते जुळवायचे असते आणि नंतर छापील वृत्तांताशी ताडून पाहायचे असते. नावाचा गुंता आणखी वेगळा. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, गावात हाक मारायचे तिसरे, आणि यादीत लिहिलेले ‘अमक्याची बायको’. एकाच बाईला तीन बाया समजण्याची किंवा तिघींना एक समजण्याची चूक इथे सहज होते.

नाशिकपुरते बोलायचे तर शांताबाई दाणी यांचे उदाहरण या साऱ्यात उजळ आहे. त्या शहरातील खडकाळी भागात वाढल्या, शिकल्या, दादासाहेब गायकवाडांबरोबर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाच्या आणि पुढे रिपब्लिकन पक्षाच्या कामात उतरल्या, विधानपरिषदेच्या सदस्य झाल्या. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ‘रात्रंदिन आम्हा’ ही त्यांची जीवनकहाणी भावना भार्गवे यांनी शब्दांकित केली. शीर्षक तुकोबांच्या ‘युद्धाचा प्रसंग’ या अभंगातले. शांताबाईंच्या मागे शिक्षण होते, पद होते, पुस्तक झाले. पण दादासाहेबांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांत ज्या स्त्रियांनी अटक करून घेतली, त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

लिहिता न येणाऱ्या स्त्रियांनी आपले म्हणणे जात्यावर ठेवले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. भीमरावांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ओवीतून तारीख मिळत नाही, म्हणून काही अभ्यासक तिला पुरावा मानायला कचरतात. ते बरोबर वाटत नाही. एखाद्या परिषदेची तारीख दप्तरात असतेच. त्या परिषदेतून परतलेल्या बाईला पहाटे दळताना काय वाटत होते, ते दुसरीकडे कुठे मिळणार?

चांदवडला ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. कांदा आणि उसाच्या भावासाठी याच जिल्ह्यात सहा वर्षांपूर्वी पेटलेल्या आंदोलनात बायका होत्याच. आता त्या स्वतःच्या प्रश्नावर बोलायला जमल्या. उपस्थिती लाखांत सांगितली जाते, म्हणजे पुन्हा आकडाच. अधिवेशनामागचा विचार शरद जोशींच्या ‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेतून मांडला गेला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यावा असे आवाहन झाले. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी अमेरिकेतून येऊन सांगली जिल्ह्यातील कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट (१९४१–२०२१) यांनी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीवर लिहिले. शेतात राबणारी बाई आणि सातबाऱ्यावरचा पुरुष ही तफावत त्यांच्या लेखनात ठळक आहे. इतिहासात नाव नसणे आणि उताऱ्यावर नाव नसणे या दोन गोष्टी वेगळ्या काढून अभ्यासता येत नाहीत, हे चांदवडनंतर जास्त स्पष्ट झाले.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालून काढला गेला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडच्या आदिवासी स्त्रियांच्या भेगाळलेल्या, सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर छापून आली. चौकटीत पाय होते, चेहरा क्वचित, नाव त्याहून क्वचित. मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची होती. वनहक्क कायदा (२००६) सांगतो की विवाहित दावेदाराचा पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा. त्यामुळे या स्त्रियांच्या मुलाखती घेताना मोर्चाच्या आठवणींबरोबर दाव्याचे कागदही पाहावे लागतात : तिचे नाव आहे का, आणि असेल तर ते ती सांगते तसेच लिहिले आहे का.

या पाड्यांवर कधी जायचे हेही ठरवावे लागते. पावसाळ्यात भात-नागलीच्या आवणीला (रोपांच्या लावणीला) बाया वाकलेल्या असतात, तेव्हा बोलायला कुणाला सवड नसते. दिवाळीनंतर त्यांतल्या कित्येक जणी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. मग मुलाखत बागेच्या बांधावर, जेवणाच्या सुट्टीत, फडक्यातली भाकरी सुटत असताना घ्यायची.