पोलादी इमारतींचे उभारणीदरम्यान कोसळणे

पोलादी सांगाड्याची इमारत पूर्ण होण्याआधी, खांब, राफ्टर (छपराच्या उतरत्या तुळया) आणि पर्लिन (राफ्टरवरून आडव्या जाणाऱ्या, पत्रे पेलणाऱ्या पट्ट्या) चढवण्याचे काम चालू असताना, अंशतः किंवा संपूर्ण पडणे. गोदामे, कारखान्यांच्या शेड, विमानांचे हँगर अशा खांबांमध्ये मोठे अंतर असलेल्या, वजनाला हलक्या इमारतींत हा धोका विशेष असतो. पोलाद निकृष्ट असणार, असा संशय अशा वेळी आधी घेतला जातो. पुष्कळदा तो खोटा ठरतो. पोलाद चांगले असते, आराखडाही बरोबर असतो. पण आराखडा पुऱ्या झालेल्या इमारतीचा असतो आणि उभारणीच्या काळात जागेवर रोज वेगळीच, अर्धवट रचना उभी असते.

अशा शेडचा कणा म्हणजे दोन खांब आणि त्यांना जोडणारे उतरते राफ्टर मिळून झालेली चौकट. तिचे भाग पातळ प्लेटी जोडून आय आकाराचे केलेले असतात. चौकट स्वतःच्या रुंदीच्या दिशेने ताठ असते. शेडच्या लांबीच्या दिशेने मात्र ती फार दुबळी असते. पुऱ्या झालेल्या इमारतीत ही उणीव पर्लिन, ब्रेसिंग (चौकटींना एकमेकींशी जखडणारे तिरपे दांडे) आणि पत्रे भरून काढतात. ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते की, दाबाखालच्या सडपातळ दांड्याची आधाराविना लांबी दुप्पट झाली की त्याची भार पेलण्याची क्षमता चौथाईवर येते. राफ्टर तर बाजूला सरतो आणि त्याच वेळी पिळवटतोही. पर्लिन बसल्यावर ज्याला दर दीड-एक मीटरवर बाजूचा आधार मिळणार असतो, तोच राफ्टर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मीटर अंतरावर नुसता तरंगत असतो.

त्यात वारा. उघड्या सांगाड्याला वारा लागत नाही, तो आरपार जातो, ही समजूत घातक आहे. शेडच्या लांबीने वाहणारा वारा चौकटीच्या रुंद बाजूवर आदळतो, आणि नेमकी तीच तिची दुबळी दिशा असते. ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १४ किलो भरतो. पंचवीस मीटर रुंद चौकटीची वाऱ्यासमोरची बाजू २४ चौरस मीटर धरली आणि सपाट, धारदार कडांमुळे परिणाम दुप्पट मानला, तर एका चौकटीवर साडेसहाशे किलोंहून अधिक आडवा जोर येतो. मागच्या चौकटींना आडोसा थोडाच मिळतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळी याहून सहज जोरदार असतात. त्या चौकटी नुसत्या पर्लिनने एकमेकींना जोडलेल्या असतील, तर एक कलली की साऱ्या ओळीने जातात.

धोका बहुधा आधी दिसतो. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधल्या जाणाऱ्या क्यूबेक पुलाचे खालचे दाबाखालचे भाग १९०७ च्या ऑगस्टमध्ये वाकलेले आढळले होते. २९ ऑगस्टला न्यूयॉर्कमधील सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांनी आणखी भार न टाकण्याची तार केली. ती कामाच्या जागी नव्हे, पेनसिल्व्हेनियात कंपनीकडे गेली. त्याच संध्याकाळी पूल पडून ७५ कामगार गेले, त्यांतले ३३ जण कानावागे या वस्तीतले, मोहॉक या मूळनिवासी जमातीचे होते. अमेरिकेत आयडाहोतील बॉइसी विमानतळाजवळ ३१ जानेवारी २०२४ रोजी बांधकाम चालू असलेला हँगर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुरेसे ब्रेसिंग नव्हते. मुख्य तुळया वाकड्या दिसत होत्या, आधाराच्या तारा तुटल्या होत्या, तरी काम चालू राहिले होते, असा तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा निष्कर्ष होता.

मांडव घालणारे आधी ताण (खांबांना धरून ठेवणारे तिरपे दोर) बांधतात, मग कापड चढवतात. शेडचा क्रमही तोच. ज्या गाळ्यात (लगतच्या दोन चौकटींमधल्या भागात) कायमचे ब्रेसिंग आहे तो आधी उभा करायचा: दोन चौकटी, त्यांमधले पर्लिन, भिंतीतले व छपरातले ब्रेसिंग. ओळंबा जुळवून बोल्ट आवळले की एक स्थिर पेटी तयार होते. पुढच्या चौकटी तिला धरून उभ्या राहतात. प्रत्यक्षात गेटजवळचा गाळा आधी होतो, कारण क्रेन तिथे उभी असते. क्रेनचे भाडे तासावर चालते, म्हणून एका सांध्यात एक-दोन बोल्ट हाताने फिरवून खलाशी (क्रेनला माल अडकवणारे कामगार) हूक सोडतात. खांबाच्या बुडाच्या प्लेटखाली ग्राउट (पोकळी भरणारे सिमेंटचे मिश्रण) भरलेले नसते. ताण वाटेत आला म्हणून सोडला जातो आणि परत बांधायचा राहतो. छपरावर पत्र्यांचे गठ्ठे एकाच राफ्टरवर उतरवले जातात. यातले एकेक कारण एरवी निभावून जाते. दोन-तीन एकत्र आले की सांगाडा काही सेकंदांत खाली येतो, आणि उंचावर पट्टा अडकवून बसलेल्या माणसाला उडी मारायलाही जागा नसते.

अमेरिकेच्या २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक खांबाला किमान चार अँकर बोल्ट (खांब पायाला जखडणारे बोल्ट) लागतात. खांबाच्या बाहेरच्या कडेपासून ४६ सेंमी अंतरावर १३६ किलो भार आला तरी खांब न उलटता राहावा, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणजे खांबावर चढलेल्या, अवजारे घेतलेल्या माणसाचा. भारतात आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार उभारणीच्या काळातले भार तात्पुरत्या ब्रेसिंगसह सांगाड्याला पेलले पाहिजेत, आणि आयएस ७२०५ ही संहिता पोलादी उभारणीच्या सुरक्षिततेसाठीच आहे. तरी लहान शेडच्या कामात तात्पुरत्या ब्रेसिंगचा वेगळा नकाशा क्वचितच निघतो. आराखडाकार ते उभारणी करणाऱ्याचे काम मानतो, उभारणी करणारा आराखड्यात नाही म्हणून लावत नाही.