ऊन पडलेल्या गावात येणारा पूर

शिरोळ तालुक्यात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसावर फार तर शाळू पिकावा; महापूर यावा असं काही त्यात नाही. तरीही २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या या टोकाला गावंच्या गावं जनावरांसह बाहेर काढावी लागली. पुराच्या दिवसांत आमच्याकडे कित्येकदा चक्क उघडीप असते. अंगणातले कपडे वाळत असतात आणि तिकडे मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, उसात पाणी चढत असतं. बाहेरगावचे पाहुणे फोनवर विचारतात, "पाऊस फार आहे का रे?" त्यांना काय सांगायचं हे कळत नाही, कारण पाऊस आमच्याकडे नसतोच.

तो असतो सह्याद्रीच्या माथ्यावर. गगनबावड्याला वर्षाचा पाऊस ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथलं पाणी कुंभी आणते. कासारी, तुळशी आणि भोगावती आपापल्या खोऱ्यांतलं आणतात. प्रयाग चिखलीला या चौघी एकत्र येतात, गुप्त सरस्वती धरून पाच, आणि पंचगंगा तयार होते. तिथून आमच्या तालुक्यातल्या नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ती सुमारे ८० किलोमीटर वाहते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर हेच अंतर जेमतेम ४५ किलोमीटर भरतं. उरलेली सगळी वळणं. सपाट मुलखात आलेली नदी अशीच वळसे घेत, सावकाश चालते.

कृष्णा येते महाबळेश्वरहून. कराडला कोयना आणि सांगलीशेजारी हरिपूरला वारणा पोटात घेऊनच ती वाडीला पोचते. आणखी खाली वेदगंगेला घेतलेली दूधगंगा तिला मिळते. म्हणजे दोन-तीन जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचं पाणी एका तालुक्यात गोळा होतं.

नुसतं पाणी गोळा होऊन निघून गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. खरा घोळ संगमावर होतो. दोन नद्या जिथे मिळतात तिथे दोघींच्या पाण्याची पातळी एकच असावी लागते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेला तिच्यात शिरण्यासाठी स्वतःची पातळी तेवढी उचलावी लागते. म्हातारी माणसं म्हणतात, "कृष्णा पाणी घेईना." विज्ञान यालाच फुगवटा म्हणतं. संगमाजवळ पातळी चढली की मागच्या पाण्याचा उतार कमी होतो, आणि वाहत्या पाण्याचा वेग साधारणपणे उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उतार चौथाईवर आला की वेग निम्मा होतो. मागून येणारं पाणी मात्र तेवढंच. निम्म्या वेगाने तेवढंच पाणी पुढे न्यायचं तर नदीला दुप्पट जागा लागते, आणि ती जागा म्हणजे आमची मळी, आमच्या गल्ल्या, आमचे गोठे.

म्हणून एका ठिकाणच्या आकड्यावर विसंबू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागलेलं असतं: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला तिथे पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. यावरून २०२१ चा पूर मोठा ठरतो. पण कृष्णेवरच्या, सांगलीच्या आयर्विन पुलावर, जिथे धोका पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर होतं आणि २०२१ ला ५५ फुटांच्या आसपास. तिथे उलटा हिशेब. आम्ही या दोन्ही खुणांच्या खाली राहतो. आमचा पूर ठरतो तो या दोन नद्यांचे लोंढे एकाच वेळी संगमावर येतात की मागेपुढे, यावर. राजारामवर पाणी उतरायला लागल्याची बातमी येते तेव्हा शिरोळमध्ये ते अजून चढत असू शकतं. घरी परतायची घाई करणाऱ्याने आयर्विनचा आकडाही पाहायला हवा.

धरणांबद्दलही थोडं. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले की जवळपास १०,००० क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. कोयनेचं धरण केवढं, तर १०५ टीएमसीचं; एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पण १ लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी पाणी होतं. त्या हिशेबाने रिकामी कोयनासुद्धा बारा दिवसांत भरेल. धरण पूर अडवू शकतं ते त्यात जागा शिल्लक असेल तरच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणं भरत आली होती आणि पाऊस थांबत नव्हता.

खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी अडवल्याने आमच्याकडे पूर येतो का, यावरून कडाक्याचे वाद होतात. पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी नंदकुमार वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नव्हता, आणि ते इथल्या अनेकांना आजही पटलेलं नाही. माझं लक्ष त्याहून जवळच्या गोष्टींकडे जातं. रस्ते आणि पुलांसाठी पूरमैदानात आडवे टाकलेले मातीचे भराव आपल्या डोळ्यांसमोर आहेत. अर्धा-एक किलोमीटर पसरून वाहणारं पाणी पुलाच्या चार गाळ्यांतून काढायचं म्हटलं की भरावाच्या वरच्या अंगाला ते चढणारच. भराव काढून कमानी करा, ही शेतकऱ्यांची मागणी अगदी शास्त्राला धरून आहे.

पुरानंतर उसाच्या फडात जाऊन पाहावं. पाणी शेंड्याच्या खाली राहिलं तर ऊस तगतो. शेंडा बुडला की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ बसतो आणि पोंगा आतून कुजतो. हाताने ओढला तर अलगद निघून येतो, आणि आंबूस घाण वास येतो. मग कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा म्हणजे बाजूचे फुटवे निघतात, वरून हिरवं दिसतं, पण वजन गेलेलं असतं. पाणी किती फूट चढलं याइतकंच ते किती दिवस थांबलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि फुगवट्याचं पाणी थांबतं.

सरकारी नकाशांवर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फार गैरसमज केला आहे. "२०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत," असं मी स्वतः ऐकलंय, आणि पुढच्या दोन वर्षांतच काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. आदल्या वर्षी पूर आला म्हणून ती कमी होत नाही. घर बांधून तीस वर्षं राहिलात तर लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता २६ टक्के होते, निळ्या रेषेपर्यंत येण्याची ७० टक्क्यांच्या वर. शिवाय या रेषा जुन्या नोंदींवरून काढलेल्या असतात. नोंदीच कमी असतील तर रेषा चुकते.

या नोंदी आपल्याकडे वेगळ्या रूपात जपल्या गेल्यात. वाडीच्या दत्तमंदिरात कृष्णेचं पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. स्नानाला गर्दी लोटते. भाविकांसाठी ती पर्वणी असते, आणि काठच्या माणसाला त्यातून नदी किती वर आली हेही कळतं.

आमच्या सोप्यातल्या भिंतीवर तीन रेघा होत्या. २००५ ची कोळशाने ओढलेली, खिडकीच्या चौकटीखाली. २०१९ ची तिच्या बरीच वर, २०२१ ची त्या दोन्हींच्या मधे. दिवाळीच्या रंगकामात त्या पुसल्या गेल्या. मग आईने आठवून, शेजारच्या काकूंच्या भिंतीशी ताडून पुन्हा काढून घेतल्या, या वेळी ऑइलपेंटने, पुढे साल घालून. जोत्याची उंची ठरवायला गवंडी आला तेव्हा त्याने आधी टेप लावला तो वरच्या रेघेला.