भाजी निवडणारे बाबा: एका चित्रामागचा इतिहास

जून २०१९ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एक साधे चित्र आले. आई आणि बाबा दोघे बसून भाजी निवडत आहेत. शिवाय कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष, डॉक्टर बाई आणि वाहतूक पोलीस असलेली स्त्रीही चित्रांत होती. त्याच महिन्यात दुसरीच्याच गणितातल्या, २१ ही संख्या ‘एकवीस’ वाचायची की ‘वीस एक’ या वादाने महाराष्ट्र गाजला आणि या चित्रांची चर्चा मागे पडली. मला ती चित्रे जास्त मोलाची वाटतात. मुलीने काय शिकावे आणि मुलग्याच्या हाताला कोणते काम लागू नये, हे आपल्याकडे केवळ भातुकलीच्या बोळक्यांनी आणि ‘तुला सासरी जायचंय’ या वाक्याने ठरले नाही. ते अग्रलेखांतून मांडले गेले, अभ्यासक्रमांत लिहिले गेले.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली तेव्हा मुलीने अक्षर गिरवावे की नाही, हाच वाद होता. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आमचा धर्म कोणता ते सांग, असे ती त्यात थेट देवालाच विचारते. शाळेत गेलेली मुलगी काय विचारू शकते, हे दिसले ते असे.

पुढच्या पिढीत वादाचे रूप पालटले. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तीच आजची हुजूरपागा. आता मुलींना शिकवायला उघड ‘नको’ म्हणणारे कमी झाले, पण काय आणि किती वेळ शिकवायचे यावर रण पेटले. टिळकांच्या ‘केसरी’ने या शाळेच्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली. मुलगी अकरा ते पाच शाळेत बसली तर घरकाम शिकणार केव्हा, म्हणून शाळा तीनच तासांची असावी, अशी मागणी होती. ती आज वाचताना एक गोष्ट टोचते. मुलग्याच्या अकरा ते पाचमुळे त्याचे कोणते घरकाम शिकायचे राहून जाते, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारेही या चौकटीबाहेर पूर्ण गेले नाहीत. विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या, स्वतः विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. त्यातून १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे मोठे पाऊल होते. पण बहुसंख्य मुली पत्नी आणि माता होणार, तेव्हा त्यांचा अभ्यासक्रम वेगळा हवा, ही भूमिकाही त्यामागे होती, आणि गृहव्यवस्था व आरोग्य हे विषय त्यात आले. कर्व्यांचे ऋण मानूनच हे म्हणावे लागते की सुधारणेच्या हातानेही मुलीसाठी निराळी वाट आखली.

‘चूल आणि मूल’ हा आदर्श मुख्यतः पांढरपेशा, वरच्या जातींच्या घरांचा होता, हेही विसरू नये. कुणबी आणि दलित घरांतल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या निंदणी-खुरपणीला जात होत्याच, आणि घरी परतल्यावर चूलही त्यांनाच पेटवावी लागे.

स्वातंत्र्यानंतर ही गाठ सोडवायला बसल्या शिक्षणतज्ज्ञ हंसा मेहता. १९४६ मध्ये त्या कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ असे शब्द यावेत यासाठी त्या भांडल्या. मुलगे आणि मुली यांच्या अभ्यासक्रमात भेद असावा का, हे पाहण्यासाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. समितीने स्पष्ट सांगितले, भेद नको. गृहशास्त्राचा पाया मुलग्यांनाही शिकवा. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) ही भूमिका उचलून धरली. १९७४ मध्ये ‘समानतेकडे’ हा स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल आला आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाठ्यपुस्तके नव्याने घडवून स्त्रीचे स्थान बदलण्याची भाषा केली.

कागदावरची ही भाषा वर्गात उतरायला फार वेळ लागला. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुली सुईदोरा घेऊन बसत आणि मुलगे सुतारकामाला जात. मला रंधा मारायचा होता. ‘हे मुलींचं नव्हे’ म्हणून बाईंनी प्रेमानेच परत बसवले, आणि ते प्रेमाने सांगितल्यामुळेच मला उलट बोलता आले नाही.

राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलगी ‘कुरूप’ किंवा अपंग असली तर लग्न अवघड होते आणि जास्त हुंडा मागितला जातो, असा मजकूर होता. २०१७ मध्ये त्यावर गदारोळ झाला. हुंड्याची कारणे शिकवताना पुस्तकानेच दोष मुलीच्या चेहऱ्यावर ठेवला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी दुसरीच्या पुस्तकात बाबा भाजी निवडायला बसले.

त्याच २०१९ मध्ये देशात वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षे आणि त्यावरील वयाच्या स्त्रिया व मुलींपैकी ८१.२ टक्के जणी दिवसात काही ना काही बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष व मुलग्यांपैकी २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषाचा ९७. पाहणीतली मोजणी सहाव्या वर्षापासून सुरू होते, आणि भाजी निवडणाऱ्या बाबांचे ते चित्र मुलांच्या हाती आले सातव्या वर्षी.