माणसंच नाहीत, तर वजन कुठून आणायचं?

जानेवारी २०२५ मध्ये शार्ली दालँ हा फ्रेंच दर्यावर्दी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ६४ दिवस १९ तासांत ले साब्ल-दोलोन बंदरात परतला. ही 'व्हाँदे ग्लोब' शर्यत १९८९ साली पहिल्यांदा निघाली, तेव्हा विजेत्याला १०९ दिवस लागले होते. अशी बातमी आली की कोणीतरी म्हणतंच, "एकटा माणूस काय करणार? सगळं कॉम्प्युटरच करत असेल!"

सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलटच धरतो, हे खरं. तो नसता तर बिचाऱ्याला अर्ध्या तासाची डुलकीसुद्धा काढता आली नसती. पण शिडं बदलायची, आवळायची ती त्या एकट्यानेच, आणि कुठला मार्ग घ्यायचा याचा सल्ला किनाऱ्यावरून घ्यायला या शर्यतीत बंदी आहे. शिवाय कॉम्प्युटरला एक गोष्ट मुळीच जमत नाही. बोटीच्या काठावर जाऊन बसणं. गंमत नाही, अशा बोटीच्या रचनेतला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

वारा बाजूने आला की तो शिडाला पुढे रेटतो, तसाच आडवाही पाडू बघतो. मोठ्या चमूच्या बोटीवर खलाशी वाऱ्याकडच्या काठावर पाय बाहेर सोडून रांगेत बसतात, ते फोटोसाठी नव्हे. ८० किलोची आठ माणसं मध्यरेषेपासून २ मीटरवर बसली की बोट सरळ करणारा बलाघूर्ण (म्हणजे फिरवणारा जोर, वजन गुणिले अंतर) ६४० गुणिले २, म्हणजे १२८० किलोग्रॅम-मीटर. (किलोमीटर नव्हे!) सी-सॉवर बसलेल्या कोणालाही हे गणित कळतं. बोट जितकी कमी कलेल तितकं जास्त शीड उभं ठेवता येतं, आणि शीड म्हणजेच वेग.

एकट्याच्या बोटीवर ही आठ माणसं नाहीत. एरिक ताबार्ली या फ्रेंच दर्यावर्दीने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याची शर्यत जिंकली, त्या 'पेन ड्यूइक ५' बोटीत त्याने माणसांच्या जागी पाणी बसवलं होतं. दोन्ही बाजूंना टाक्या, ज्या बाजूने वारा त्या बाजूची टाकी भरायची. युक्ती नामी, पण त्या पाण्याचं ओझं बोटीला वाहावं लागतं.

त्यापुढची कल्पना मात्र माझी अतिशय लाडकी आहे. बोटीखाली खोल गेलेलं पातं असतं, ती कील. तिच्या टोकाला शिशासारख्या जड धातूचा लांबट गोळा. धरून चाला, गोळा ३००० किलोचा आणि ४ मीटर खोल. बोट सरळ उभी असेल तर तो बरोबर खाली लोंबतो, सरळ करण्याचं काम शून्य. बोट २० अंश कलली की गोळा ४ गुणिले साइन २०, म्हणजे सुमारे १.३७ मीटर बाजूला जातो, बलाघूर्ण ४१००. म्हणजे आधी बोट कलणार, मग कील कामाला लागणार. वरातीमागून घोडं! आता कील बिजागरीवर बसवा आणि हायड्रॉलिक दट्ट्याने वाऱ्याच्या बाजूला ३८ अंश वळवा (व्हाँदे ग्लोबच्या बोटींना नियमाने तेवढीच मुभा आहे). २० अधिक ३८, ५८ अंश. साइन ५८ म्हणजे ०.८४८. गोळा ३.३९ मीटर बाजूला आणि बलाघूर्ण दहा हजारांच्या वर. एक किलोही वजन न वाढवता अडीचपट!

फुकट काही मिळत नाही. तिरकी झालेली कील बोटीला आडवं घसरण्यापासून नीट रोखू शकत नाही, म्हणून वेगळी पाती लागतात. हल्ली फोटोत मिशांसारखी दिसणारी फॉइल्स, म्हणजे बाजूंना निघालेले पंख, त्यांच्या जागी आली, ती बोटीला उचलतातही, पण वेग असेल तरच. बोट कलली की रुंद मागच्या भागातलं एकुलतं सुकाणू पाण्याबाहेर येतं, म्हणून सुकाणू दोन. आणि हलती कील मोडू शकते. २०१३ च्या नियमांपासून नव्या बोटींना कील आणि डोलकाठी ठरावीक नमुन्याचीच घ्यावी लागते, त्यामागे मोडलेल्या कीलांचा इतिहास आहे.

(बोटीचं नाव बदललं की अपशकुन होतो, अशी दर्यावर्दींत जुनी समजूत आहे. इथे प्रायोजक बदलला की नाव बदलतं. २०२०-२१ ची शर्यत जिंकलेली 'मेत्र कॉक' आधी 'साफ्राँ' नावाने धावत होती. समुद्राला बारसं कळत नाही, बलाघूर्ण कळतो.)

कील हलवता येण्याआधी आणि नंतरही डिझायनरांनी दुसरा एक उपाय मुक्तहस्ते वापरला, बोट रुंद करण्याचा. रुंद बोट थोडी कलली की प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, झटकन कललेल्या बाजूला सरकतं आणि तिला सावरतं. पण हाच गुण बोट पूर्ण उलटल्यावर उलटतो. रुंद, सपाट डेक पाण्यावर तराफ्यासारखा घट्ट बसतो. कील तेव्हा आकाशाकडे सरळ उभी असते, आणि सरळ उभी म्हणजे पुन्हा शून्य अंश, पुन्हा शून्य बलाघूर्ण. लाट थोडी हलवेल, पण तेवढ्या छोट्या कोनात तराफा कीलला हरवतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या दुसऱ्या एका शर्यतीत, दक्षिण महासागरात, इझाबेल ओतिसिए या फ्रेंच दर्यावर्दी बाईची बोट अशीच उलटी झाली आणि कील जागेवर असूनही उलटीच राहिली. इझाबेल आत अडकली होती. त्याच शर्यतीतला जोव्हान्नी सोल्दिनी आपला मार्ग सोडून तिच्याकडे वळला, शोधत पोचला, आणि आतून काही हालचाल दिसेना तेव्हा त्याने हातोडा त्या उलट्या बुडावर फेकला. मग ती बाहेर आली.

आता नवी बोट शर्यतीत उतरण्याआधी बंदरात तिची एक परीक्षा होते. डोलकाठी उतरवतात, बोटीला पट्टा बांधतात आणि क्रेनने पूर्ण पालथी घालतात. आत दर्यावर्दी एकटा, छतावर उभा, जमीन डोक्यावर. बाहेरून कोणी मदत करायची नाही. तो कील हळूहळू एका बाजूला वळवायला लागतो. शून्य अंशाचे दहा, दहाचे वीस. वरचा गोळा मध्यरेषेवरून बाजूला सरकतो, पालथ्या तराफ्याचा एक काठ दबतो, आणि मग एकाएकी सगळी बोट डचमळत, पाणी निथळत सरळ होते.